शिक्षणातील खंडाचे कारण

दारात नणंद उभी होती, आणि वहिनीच्या हातातली सुरी भाजीच्या शेंगेवर तशीच थांबली...

"आलात वन्सं? या. मी वाटच बघत होते."

वाट बघत होते, हे अगदी खरं होतं. बावीस वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती. फक्त त्यातली एकवीस वर्षं तिचं तिलाच ते ठाऊक नव्हतं!

नणंद आत आली. जिच्या केबिनबाहेर पोरं घसा खाकरून, केस सारखे करून उभी राहतात, ती रेणवीय जीवशास्त्राची विभागप्रमुख आज सख्ख्या भावाच्या घरात खुर्चीच्या कडेवर बसली. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खांद्यावरची पिशवी मात्र खाली ठेवली नाही, मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"दादा कुठे गेलाय?"

"फिरायला. 'जाऊ दे ना' म्हणायला आज घरात कोणी नाही. बरंच झालं."

वहिनीने पाणीसुद्धा विचारलं नाही. तिने पुढची शेंग उचलली आणि तिचे तुकडे असे केले की बघणाऱ्याला त्या शेंगेची दया यावी.

कालच यादी लागली होती. पदव्युत्तर प्रवेशाच्या वीस जागा, आणि विसाव्या ओळीत पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईचं नाव... तिचं! त्याखाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली प्रतीक्षा यादीत पहिली कोण? तर भिंगरी. नणंदेची एकुलती एक लेक. भावजय आणि मुलगी दोघी अर्जदार, म्हणून नणंद यंदा निवड समितीतून नियमाप्रमाणे बाजूला झाली होती. त्यामुळे यात कुणाचा हात नव्हता, होता तो फक्त दैवाचा. आणि दैवाने डाव जुनाच मांडला होता, खेळणाऱ्यांच्या जागा तेवढ्या बदलल्या होत्या.

कारण बावीस वर्षांपूर्वी याच विभागाच्या यादीत शेवटच्या जागेवर वहिनी होती, तीन महिन्यांची नवी नवरी. आणि रेघेखाली पहिली होती हीच नणंद, तान्ह्या भिंगरीला घेऊन माहेरी आलेली. त्याच आठवड्यात सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातून कागद घेऊन नणंद घरी आली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, निदान दोन वर्षं आईला अंथरुणातून उठता यायचं नाही..." मग घरातल्या सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत नव्या सुनेवर येऊन थांबल्या. कुणी जा म्हणालं नाही, कुणी राहा म्हणालं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! सुनेने आपल्या हाताने अर्ज लिहिला, 'मी स्वेच्छेने प्रवेश रद्द करीत आहे', आणि यादी एका ओळीने वर सरकली.

पुढे अकरा वर्षं तिने सासूबाईंना उचललं, न्हाऊ घातलं, कूस बदलून दिली. त्या गेल्यावर दोनेक वर्षांनी ती एका तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली. नऊ वर्षं रक्त आणि लाळेचे नमुने हाताळले, शेवटची चार जंतूंची जनुकं तपासणाऱ्या यंत्रावर. तिथे एक नियम तिने कधी मोडला नाही. प्रत्येक खेपेला एक नळी अशी लावायची, जिच्यात सगळं असतं, फक्त नमुना नसतो. त्या नळीने काही दाखवलं, की कुठेतरी घाण शिरली समजायचं आणि अख्खी खेप फेकून द्यायची. नवख्यांना हा कंटाळा वाटायचा. वहिनी म्हणायची, "बाळांनो, घरातही अशी एक नळी लावता आली असती तर किती संसार वाचले असते!"

तिच्या संसारातली घाण सापडली ती गेल्या वर्षी, तीसुद्धा अभ्यासाच्या पुस्तकात. भिंगरी प्रवेशपरीक्षेची तयारी करायला मामीकडे यायची. "आई समजावते कमी आणि ओरडते जास्त," असं तिचं म्हणणं. एकदा येताना तिने आईचं जुनं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात घडी घातलेले दोन कागद होते. पहिल्यावर दवाखान्याचा शिक्का, सासूबाईंचं नाव, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलेलं की सहा आठवड्यांनी आधाराने आणि तीन महिन्यांनी स्वतंत्रपणे चालू लागतील. दुसऱ्यावर रोज करायचे व्यायाम, चित्रांसकट. तारीख? सुनेने 'स्वेच्छेने' लिहिलं त्याच्या दोन दिवस आधीची!

त्या दिवशी वहिनी रडली नाही. भिंगरीला चहा करून दिला, एक धडा समजावून सांगितला आणि ती गेल्यावर स्वतःसाठी प्रवेशाचा अर्ज भरला. पदवीला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवं, होतं. पंचावन्न टक्के हवेत, बहात्तर होते. गेल्या पाच वर्षांतल्या प्रयोगशाळेतल्या कामाचा दाखला हवा, तो तिच्या साहेबांनी दोन पानी लिहून दिला. आणि शिक्षणात दोन वर्षांहून अधिक खंड असेल, तर कारण लिहून त्या काळात अर्जदाराला ओळखणाऱ्या जबाबदार व्यक्तीची साक्ष हवी. ही अट वाचून वहिनीच्या काळजात जे उफाळून आलं, त्याला आनंद म्हणायचं की विष, देव जाणे! प्रवेशाच्या वेळी हा कागद समितीचे पाचही जण वाचतात, अधिष्ठाता वाचतात, आणि तो कायमचा फायलीत राहतो. वाचू देत! एकदा सगळ्यांना कळू दे, मॅडमची पहिली जागा कुठून आली ते!

एकच गोष्ट उरली होती, मूळ पदवी प्रमाणपत्र. इतकी वर्षं नोकरीला गुणपत्रिकांवर भागलं होतं. इथे मूळ प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. परवा ती विद्यापीठाच्या खिडकीवर गेली. कारकुनाने जुनी वही काढली, धूळ झटकली, बोट फिरवत म्हणाला, "बाई, तुमचं तर केव्हाच दिलंय. अधिकारपत्रावर. ही बघा सही." सही नणंदेची होती. सासूबाईंना सोडून जाता येईना म्हणून सुनेनेच ते अधिकारपत्र दिलं होतं, आणि नणंद तेव्हा म्हणाली होती, "अजून छापूनच आलं नाही गं." काखेत कळसा आणि गावाला वळसा! दुसरी प्रत मिळायला सहा आठवडे. मूळ कागद दाखवायची मुदत उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजून गेले, की विसावी ओळ रिकामी आणि भिंगरी आत...

म्हणजे नणंदेला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं तर तिला उत्तम जमत होतं!

वहिनीने सुरी खाली ठेवली.

"बोला की वन्सं. ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? लेकीसाठी आलात ना? 'वहिनी, तुझं वय झालं, तिचं आयुष्य पडलंय, सोड ती जागा'... पाठ केलंय मी सगळं. एकदा सोडली मी जागा. तेव्हा सासूबाई होत्या मध्ये. आता कोणाला झोपवणार आहात अंथरुणावर?"

"वहिनी..."

"थांबा! बावीस वर्षं तुम्ही बोललात, आता मी बोलते. तुमच्या घरी समारंभ झाले, मोठमोठी माणसं आली. मी चहाचे कप फिरवत होते, तुम्ही ओळख काय करून दिलीत? 'या आमच्या वहिनी, घरचं बघतात.' घरचं बघतात! कुणामुळे बघत होते मी घरचं?" तिने फडताळातून ते दोन कागद काढून नणंदेपुढे टाकले. "ओळखता का हे अक्षर?"

नणंदेने कागदाकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला... पण ती दचकली नाही. जणू हे कागद कधीतरी समोर येणार, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने मांडीवरची पिशवी उघडली, आतून पिवळट पडलेला लांब लिफाफा काढला आणि शेंगांच्या ताटाशेजारी ठेवला.

"जागा सोड म्हणायला नाही आले गं. सोडू नकोस म्हणायला आले. तुझी पदवी आहे त्यात."

वहिनीचा हात लिफाफ्यावर पडला आणि तिथेच राहिला. वर तिचं नाव होतं, माहेरच्या आडनावाचं... किती वर्षांनी वाचलं तिने ते!

"मग दिली का नाही?" तिचा आवाज आता खाली आला होता, आणि म्हणूनच जास्त भयंकर वाटत होता. "बावीस वर्षांत एक दिवस मिळाला नाही?"

"ज्या दिवशी आणली, त्या दिवशी द्यायलाच आले होते. तू आईचं अंथरूण धूत होतीस. ओल्या हाताने केस मागे सारलेस आणि मला म्हणालीस, 'वन्सं, दमलात का? चहा टाकते.' वहिनी, मला ती पदवी तुझ्या हातात देता आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग जितका उशीर झाला, तितकं तोंड मिटत गेलं." नणंदेने चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. "तू पहिलाच कागद बघतेस. मला दुसरा झोपू देत नाही."

"दुसरा?"

"व्यायामाचा! पहिला लपवायचा तर दुसराही लपवावा लागला. आई चालली असती गं... तिला रोज उभं करायचं होतं, आणि आपण कुणी केलंच नाही, कारण मी सांगितलंच नाही! तुझं शिक्षण मी चोरलं, ते जगाला दिसेल तरी. पण माझ्या जन्मदात्या आईला मी लंगडं केलं, अकरा वर्षं... आणि ती जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, पोरगी शिकली, माझं सार्थक झालं..."

आणि ती विभागप्रमुख, ती करारी बाई, शेंगांच्या ताटावर कपाळ टेकून ढसाढसा रडली.

वहिनी बघत राहिली. हाच तो क्षण! मनातल्या मनात तिने तो वर्षभर घोळवला होता, त्यात मीठमसाला घातला होता. आणि आता डोळ्यांपुढे येत होत्या त्या सासूबाई, खिडकीशी पडून दुपारभर रस्त्यावरची चालती माणसं मोजणाऱ्या... तिचेही डोळे भरले. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ती उठली, नणंदेच्या डोक्याखालून ताट काढून घेतलं आणि त्या जागी एक कागद ठेवला.

"शिक्षणातील खंडाचं कारण," ती म्हणाली. "मी लिहिलंय. साक्षीदाराची सही राहिलीय. वाचा आणि करा."

नणंदेने वाचलं. त्यात सगळं होतं. दवाखान्याचा कागद, तारखा, 'माझी नणंद, सध्या याच विभागाची प्रमुख' हे शब्द, पदवीच्या वहीतली सही. वाचताना तिचे ओठ हलत होते. वहिनीला वाटलं, आता म्हणेल, हे वाक्य तेवढं काढ. लेकीकडे बघ, माझ्या खुर्चीकडे बघ.

नणंदेने पेन काढलं. व्यायामाचा उल्लेख त्यात नव्हता, तो तिने स्वतःच्या अक्षरात खाली लिहिला. मग सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

"उद्या दे हा," ती म्हणाली. "माझं जे व्हायचं ते होऊ दे. भिंगरी पुढच्या वर्षी परत परीक्षा देईल. सकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मामीची पदवी आत्ताच्या आत्ता नेऊन दे, नाहीतर मी तुला आई म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवेशाच्या खिडकीबाहेर नणंद भिंतीशी उभी होती, आपल्याच विभागाच्या व्हरांड्यात, शिक्षेला उभं केल्यासारखी. वहिनी रांगेत पुढे सरकत होती. पुढेमागे सगळी विशीतली पोरं, एकाने तर तिला "आंटी, पालकांची रांग तिकडे आहे," असं सांगूनही पाहिलं. "मी माझीच पालक आहे रे बाळा," ती म्हणाली.

खिडकीतल्या बाईंनी एकेक कागद उलटला. मूळ पदवी, आहे. कामाचा दाखला, आहे. खंडाचं कारण... बाईंनी ते मोठ्याने वाचलं, "घरातील आजारी व्यक्तीची शुश्रूषा. साक्षीदार, शेजारी, निवृत्त शिक्षिका. बावीस वर्षं? बरं." आणि शिक्का मारला.

नणंदेने ते ऐकलं. ती भिंतीपासून सुटी झाली, धडपडत पुढे आली, वहिनीचा हात धरला. "वहिनी... तो दिला नाहीस? मला माफ केलंस?"

"माफ?" वहिनीने हात सोडवून घेतला, पण हळूच. "गैरसमज नको. भिंगरीला परत इथेच यायचंय. तिच्या आईची लक्तरं या खिडकीत टांगून मला काय मिळणार? तिला उद्यापासून माझ्याकडे पाठवा, पुढच्या वर्षी ती यादीत रेघेच्या वर हवी. आणि सोमवारी वर्गात मी पहिल्या बाकावर बसणार आहे. शिकवताना माझ्याकडे बघून शिकवायचं. दोन वर्षं, रोज."

"आणि तो कागद?"

वहिनीने पदवीचा पिवळा लिफाफा छातीशी धरला होता. तिने तो पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि जिना उतरायला लागली.

"तो माझ्या कपाटात आहे, तुमच्या सहीसकट. माझा कागद तुम्ही बावीस वर्षं सांभाळलात ना, वन्सं? आता तुमचा मी सांभाळेन. बावीस वर्षांनी या मागायला. चहा टाकीन."