श्वासवजावट

वैराळनगरात पहाटेचं धुकं अंगणात उतरलं की दारोदारच्या पाट्या हलकेच उजळायच्या. हिरवी पाटी म्हणजे पोरांनी खुशाल बाहेर बागडावं, तांबडी म्हणजे दारं लावून घ्यावीत. रंग पाहिल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे.

पाट्यांमागची हवा मोजणारी यंत्रं भलती चौकस! घरच्या माणसांचा श्वासही त्यांना प्रदूषणच वाटायचा. म्हणून प्रणालीत ‘श्वासवजावट’ घातलेली होती. घरातल्या प्रत्येकाच्या श्वासाचा ठसा ओळखायचा, तेवढा भाग मोजमापातून वजा करायचा, उरेल ती खरी हवा. माणूस गेला की तेराव्याला घरच्यांनी गावच्या हवा-केंद्रात येऊन त्याचा ठसा आपल्या हाताने पुसायचा, असा रिवाज पडला होता. परक्याने त्याला हात लावायचा नाही.

काशिनाथ कुमरे केंद्रात आला तो तणतणतच. "ताई, पाटी हिरवीगार बघून पोरीला अंगणात सोडतो, अन् ती खोकून खोकून बेजार होते! यंत्र आहे का थट्टा?"

केंद्र सांभाळणारी निरंजनी देवतळे त्याच्याच गल्लीतली. तिने त्याच्या घराची नोंद पडद्यावर उघडली.

"काशिनाथभाऊ, वहिनींचा ठसा तुम्ही पुसलाच नाही."

तो पडद्याजवळ सरकला. "नाही झाला जीव. यंत्राला अजून सापडते का हो ती?"

"रोज. पहाटे जरा जास्तच."

त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे आहे! हवेत आहे ती!"

"नाही हो भाऊ." निरंजनीने पडद्यावरच्या एका फिकट रेषेवर बोट ठेवलं. "शोध म्हटलं की प्रणाली शोधतेच. वहिनींचा श्वास नाही, म्हणून पहाटे खाली साचलेल्या धुरातलाच तेवढा भाग उचलते, त्यांच्या नावावर घालते अन् वजा करते. पाटीला तो धूर दिसत नाही. पोरीच्या छातीला कळतो."

काशिनाथने त्या फिकट रेषेवरून बोट फिरवलं. मग "माफ कर गं," म्हणाला आणि ठसा पुसायचं बटण दाबलं.

खिडकीतून गल्ली दिसत होती. त्याच्या दारची पाटी तांबडी झाली. निरंजनीच्या दारची मात्र हिरवीच, आणि त्या दारापुढे गल्लीतली पोरं लगोरी खेळत होती.

"ताई, वारा तर एकच आहे. तुमची पाटी हिरवी कशी?"

"आई आहे माझी," ती पुटपुटली. "पहाटे सापडते."

काशिनाथ पोरांना हाका मारत बाहेर धावला. निरंजनीने स्वतःच्या घराची नोंद उघडून बटणावर बोट ठेवलं, पण दाबवेना. तिने डोळे पुसून पाहिलं, तर गल्लीच्या पार, थेट टेकडीपर्यंत, धुक्यात साऱ्या गावाच्या पाट्या हिरव्यागार होत्या.