लांबच्या शाखेतली जागा

लिफ्टमध्ये आपण एकटेच आहोत असं समजून तो दाराशी बोलत होता. "नमस्कार, मी कन्सल्टन्सीतून बोलतोय. आपल्याला दोन मिनिटं वेळ आहे का?"

"आहे की. बोला," मागच्या कोपऱ्यातून ती म्हणाली.

त्याचे कान लालबुंद झाले. दोघं एकाच मजल्यावर उतरली, एकाच दारात शिरली. दोघांचाही पहिला दिवस, आणि काम एकच, लोकांना नोकऱ्या मिळवून देण्याचं. मॅडमनी शेजारशेजारची टेबलं दिली आणि बजावलं, पहिली जागा भरल्याशिवाय कुणी कायम होणार नाही.

मधल्या काचेआडून एकमेकांना खोटे उमेदवार होऊन फोन करायचे, असा सराव चालायचा. तो अडेलतट्टू उमेदवार व्हायचा, ती त्याला गोडीगुलाबीनं वळवायची. सगळं कसं छान चाललं होतं... आणि मग त्याच्या यादीत एक अकाउंटंट आली.

तिचे रोज फोन. आणि त्या फोनवर तो हळूच हसायचा. ते हसणं फक्त आपल्यासाठी आहे, अशी हिची समजूत होती.

"झालं बोलून?"

"अगं, उद्या इंटरव्ह्यू आहे तिचा. घाबरलीये बिचारी."

"परवाही बिचारीच होती."

"का गं, काय झालं?"

"मला काय होतंय?" म्हणून तिनं स्टेपलर इतक्या जोरात दाबला की पिन वाकडी झाली. ती जळत होती, आणि आपण जळतोय हे कळत असल्यामुळे आणखी जळत होती.

घरी ताईनं सगळं ऐकून घेतलं. "एवढा त्रास होतोय, तर लावून दे तिला नोकरी. फोनच बंद होतील."

ताई थट्टेनं बोलली, पण हिनं ते मनावर घेतलं. अकाउंटंटचा तो इंटरव्ह्यू तर फसलाच होता. हिच्या यादीत फर्निचरच्या एका कंपनीची लांबच्या शहरातली शाखा होती, रात्रभर प्रवास करून गाठायची. तिथं अकाउंटंट म्हणून जायला कुणीच तयार नव्हतं. उमेदवार त्याची, जागा हिची, म्हणजे श्रेय दोघांचं.

"तुझी ती बिचारी मला दे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

मग ती हात धुऊन त्या कंपनीच्या मागे लागली. न पाहिलेल्या शहराच्या हवेचं कौतुक करकरून तिनं अकाउंटंटला राजी केलं. निवड झाली, दोघं कायम झाली. जाण्याआधी अकाउंटंट आभार मानायला आली. ती दिसायलाही छान होती आणि वागायलाही, याचा हिला फारच राग आला. पण फोन थांबले, आणि ही कामात गुणगुणायला लागली.

ते गुणगुणणं फार दिवस टिकलं नाही. लांबच्या शाखेतून मॅनेजरचा फोन आला. "बाई उत्तम दिलीत. आता आम्हाला भरतीचं काम बघायला माणूस हवाय. बाईंनी तुमच्या शेजारच्या टेबलावरच्यांना सुचवलंय. त्यांना तुम्हीच विचारा, असंही सांगितलंय."

आपल्याच हातानं आपण हे काय करून बसलो? ती मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "विचारायला तर हवंच. निर्णय त्याचा त्याला घेऊ दे."

तोंडावर विचारायचा धीर होईना. तिनं फोन उचलला. काचेपलीकडे घंटी वाजली.

"नमस्कार, मी कन्सल्टन्सीतून बोलतेय. आपल्याला दोन मिनिटं वेळ आहे का?"

"आहे की. बोला," तो हसला. त्याला वाटलं, सराव आहे.

तिनं जागा सांगितली. त्याचं हसू मावळलं. "खरंच?"

"खरंच. पगार इथल्यापेक्षा चांगला. राहायची सोय. आणि ओळखीचं माणूसही आहे तिथं... तुमची बिचारी."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"सध्याच्या नोकरीत काही त्रास?" तिनं नेहमीचा प्रश्न विचारला.

"आहे ना. शेजारची मुलगी. मध्यंतरी धड बोलत नव्हती, मग एकदम गुणगुणायला लागली. काही थांगपत्ता लागत नाही."

"गाव सोडून जायची तयारी?" ती पुढच्या प्रश्नावर आली.

"तुम्ही काय सुचवाल?"

"आम्ही... उमेदवाराला असं सांगत नसतो."

"सांगा ना."

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "तिला मीच मुद्दाम लांब धाडलं. तू तिच्याशी हसायचास, ते मला बघवत नव्हतं. आता तूही तिकडे गेलास, तर मी काय करू?"

फोन ठेवून तो काचेच्या कडेनं डोकावला. कान पुन्हा लाल. "तुझ्याबद्दल तिला एकदा बोलून गेलो, तेव्हापासून ती रोज एकच विचारायची, शेजारणीशी मनातलं बोललात का? मी आपला हसून वेळ मारून न्यायचो. मला विचारायचं काम तुझ्यावर टाकायचं, म्हणजे तू तरी बोलशील, ही शक्कलही तिचीच असणार."

"मग बोलायचं होतंस ना..."

"घाबरलो होतो. बिचारा मी."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. तिनं तसाच मॅनेजरला फोन लावला.

"उमेदवार तयार नाहीत, सर."

"अरेरे. कारण काय?"

तिनं काचेकडे पाहिलं. तो कान देऊन ऐकत होता.

"घरगुती," ती म्हणाली.