आठाचे चोवीस चौकोन

मी सांख्यिकी खात्यात नोकरी करते. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, आणि मोजल्यावरही चटकन बसत नाही. तेव्हा घडलं ते घडलं त्याच क्रमाने सांगते.

बदली होऊन कोलकात्यात, सॉल्ट लेकला आले त्याला दोन वर्षं झाली. गेल्या एप्रिलमध्ये सांगलीत बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि मी त्यांना इकडे घेऊन आले. उजवा हात, उजवा पाय गेला, ओठ बधिर झाले आणि बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला आहे आणि वाचेची जागाही तिथेच. उजव्या बाजूला असती तर डावं अंग गेलं असतं, पण बोलणं बहुधा शाबूत राहिलं असतं. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की जणू आम्हाला गाडीत खिडकीची जागा मिळाली नाही एवढंच.

दिवसा बाबांना सांभाळायला कादंबरी असते. पन्नाशीची बाई, बेहालाहून दोन बस बदलून येते आणि कधी उशीर करत नाही. बाबांना ती मेशोमोशाय, म्हणजे बंगालीत काका, म्हणते. बाबा तिला काहीच म्हणत नसत, कारण त्यांच्याजवळ सातच शब्द उरले होते.

"आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन." आणि तिथे थांबत.

स्पीच थेरपिस्ट सेनबाई यावरही खूश होत्या. पाठ असलेली ओळ मेंदूत शिल्लक राहते, म्हणाल्या. त्यांना 'एक' म्हणायला लावा, ओळ पुरी झाली की पुढचे शब्द येतील. मी महिनाभर "एक, बाबा, एक" करत त्यांच्या पुढ्यात बसले. ते माझ्याकडे बघतही नसत, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत. मला फार काही नको होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून "विनू" म्हणावं, एवढंच हवं होतं.

'एक' ते म्हणणारच नव्हते, हे मला उशिरा कळलं, आणि कळायला हवं होतं ते मलाच. बाबांनी छत्तीस वर्षं सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटरचं काम केलं. शाळा सुटली की मी त्यांच्या केबिनमध्येच असे. केबिनमध्ये दोन मशीनं. पहिल्यावरचं रीळ, साधारण एकोणीस मिनिटांचं, संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका दिसे. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. त्या मशीनवरच्या रिळाच्या तोंडाशी लीडर असतो, म्हणजे उलट्या आकड्यांची फीत. आठ, सात, सहा, प्रत्येकाला एक सेकंद. हे आकडे प्रेक्षकांसाठी नसतात. तेवढ्या वेळात मोटर वेग घेते. दोनचा आकडा नुसता चमकून जातो आणि एक तर नसतोच. तिथे दोन सेकंद अंधार असतो. मग दुसरा ठिपका आला की पायाने पट्टी दाबायची, आणि चित्र एका मशीनवरून दुसऱ्यावर जातं. प्रेक्षकाला काही कळलं नाही तर काम चोख झालं.

फीत लावण्याआधी बाबा ती ओल्या ओठांना लावून बघत. चिकटली ती रसायनाची बाजू. ती चुकली तर चित्रात उजव्याचं डावं होतं. बाबांची ती एकदाच चुकली. तुटलेली फीत घाईत जोडताना एक तुकडा उलटा लागला आणि वीस-पंचवीस सेकंद नायक डाव्या हाताने जेवला. आवाजाची पट्टीही भलत्या कडेला गेल्याने आवाज बंद पडला. त्यासाठी शिट्ट्या पडल्या, पण डावं-उजवं कुणाच्या लक्षात आलं नाही. तरी मध्यंतरात बाबा खाली उतरून डोअरकीपरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना हळूच विचारत होते, "कुणाला कळलं नाही ना?" त्यांचा तो ओशाळलेला चेहरा मला अजून आठवतो.

तर मी घड्याळ लावून बसले. बाबा आकडे वाटेल तेव्हा म्हणत नव्हते. दर एकोणीस मिनिटांनी त्यांची नजर भिंतीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जाई, डावा हात उठे, मग आकडे, मग दोन सेकंद शांतता, आणि डावा पाय चाकाच्या खुर्चीची पायपट्टी दाबी. मधली एकोणीस मिनिटं त्यांचे डोळे भिंतीवर काहीतरी बघत फिरत. मी तीन रविवारांची नोंद ठेवली. पाच सेकंदांहून जास्त फरक कधी पडला नाही. त्या खोलीत घड्याळ नव्हतं.

एके दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर दिसेना.

"मैंने निकाल दिया, दीदी," कादंबरी म्हणाली. "मेशोमोशाय को दिखता नहीं था."

"काय दिसत नव्हतं?" मी मराठीतच विचारलं. ती हसली आणि चहा टाकायला गेली.

पुढच्या रविवारी ती बाबांच्या शेजारी बसून मटार सोलत होती. सोलता सोलता तिचा हात थांबला आणि तिने कोपऱ्याकडे बघितलं. मग बाबांनी बघितलं. मी घड्याळ बघत होते. तिने एक सेकंद आधी बघितलं होतं.

सेनबाई म्हणाल्या, त्यांच्या जुन्या कामातली एखादी वस्तू हातात देऊन बघा. मी चौकशी करत करत बागबाजारला गेले. तिथे एका बंद पडलेल्या थिएटरच्या तळमजल्यावर तिथला म्हातारा ऑपरेटर अजून राहतो. त्याने पत्र्याच्या डब्यातून लीडरचा हातभर तुकडा काढून दिला. चोवीस चौकोन, प्रत्येकात इंग्रजी आठचा आकडा.

"एक सेकंड है," तो म्हणाला.

सुलट बाजू कुठली, मी विचारलं. त्याने फीत उजेडात धरली, फिरवली. आठ दोन्हीकडून आठच दिसत होता.

"जिसका काम है, उसके होंठ को मालूम होगा," म्हणाला.

डिसेंबरचा रविवार होता, दुपारचे तीन वाजले होते. सकाळी भाकरी करताना माझ्या उजव्या मनगटाला तव्याचा चटका बसला होता. त्यावर मलम लावून मी बाबांकडे गेले आणि फीत त्यांच्या डाव्या हातात ठेवली. त्यांची नजर भिंतीवरून खाली आली. त्यांनी फीत ओठांना लावली. ओठ बधिर, त्यांना काही कळेना. उलटून लावली, पुन्हा उलटली. कडेच्या बारीक खुणा दिसण्याएवढी नजर राहिली नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

मला माहीत नव्हतं. पण आठ महिन्यांनी बाबा मला काहीतरी विचारत होते, आणि त्यांना 'माहीत नाही' सांगायचं माझ्या जिवावर आलं.

"बरोबर आहे, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी फीत खुर्चीच्या हातावर नीट पसरली आणि बोटांखाली धरली. पण भिंतीकडे वळले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले. मी स्टूल ओढून भिंतीला पाठ लावून बसले आणि बोलत सुटले. सांगली, आईच्या हातची आमटी, केबिनमधला मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनचा वास. मला रडू आलं ते मी आवरलं नाही. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर, माझ्या हातांवर फिरत होते. मी इतकी आनंदात होते की भिंतीवर असेच फिरणारे ते डोळे मी रोज बघते हे माझ्या लक्षातच आलं नाही. बाबांच्या शेजारी कादंबरी मटार सोलत होती. तीही माझ्याकडे बघत होती.

तिचा हात थांबला. तिने माझ्या डोक्याच्या वर, तिच्या उजवीकडे बघितलं.

मग बाबांनी.

मी मागे वळले नाही.

बाबांचा डावा हात उठला. "आठ."

"बाबा, थांबा," मी म्हणाले. सुरू झालेली मोटर कुठलाच ऑपरेटर थांबवत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"चार. तीन. दोन."

बाहेरचे ऑटोचे हॉर्न बंद झाले. शेजारच्या कुकरची शिट्टी अर्ध्यावर तुटली. मी एक मोजला, दोन मोजला.

बाबांनी डाव्या पायाने पायपट्टी दाबली.

आवाज लगेच परत आले नाहीत. परत आला तो आधी त्यांचाच.

"विनू," बाबा म्हणाले. "रडतेस कशाला?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले, खूप वेळ. मग माझ्या लक्षात आलं की तो हात उजवा आहे. डावा मांडीवर पालथा पडला होता.

मी कपाटातून हॉस्पिटलची फाईल काढली. डावं अंग, वाचा शाबूत. तीच सही, तोच शिक्का.

"बायाँ हाथ ही तो गया था, दीदी," कादंबरी म्हणाली. "शुरू से."

चटका माझ्या डाव्या मनगटावर होता. मलम अजून ओलं होतं.

बाबांनी फीत उचलून ओठांना लावली. या वेळी ओठांना कळलं. त्यांचा चेहरा ओशाळला. मी तो ओळखला. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं,

"कुणाला कळलं नाही ना?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

त्यांना हायसं वाटलं. मी सवयीने घड्याळात बघितलं. एकोणीस मिनिटं होत आली होती. कादंबरी मटार सोलायचं थांबून भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होती. डावीकडच्या.