टक लावू नये असा तारा

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईचा डोळ्यांवर फारसा विश्वास उरत नाही. म्हणूनच हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाने एक तांबडा तारा आपल्यातल्या चष्मेवालीच्या गळ्यात मारला. म्हातारा, फुगत गेलेला, राक्षसी तारा. त्याचं तेज कमीजास्त होतं असा संशय होता. छातीठोकपणे सांगायला कुणी तयार नव्हतं. अशा ताऱ्याचं एकच पथ्य असतं, त्याच्याकडे टक लावायची नाही. बघत राहिलं की तो उगाचच जास्त तेजस्वी वाटू लागतो. डोळ्यांचा खोडसाळपणा, दुसरं काय!

म्हणून ती संध्याकाळी गच्चीवर कॅमेरा लावी. नुकताच काविळीतून उठलेला धाकटा भाऊ शेजारी खुर्ची टाकून बसे आणि खुशाल टक लावी.

"अरे, दृष्ट लागेल त्याला तुझी!"

"लागू दे. ताई, वाढतोय बघ."

"भास आहे तो."

पण कॅमेऱ्याला कसला आलाय भास? स्क्रीनवरही तारा वाढला होता. आजूबाजूचे तारे होते तसेच. भाऊ जेवायला खाली गेला की हा पुन्हा मंद. योगायोग असेल, असं तिने मनाला बजावलं.

भाऊ मात्र फिकट होत चालला. आधी ओठ, मग कान. डॉक्टरांनी रक्त तपासून नुसता अशक्तपणा सांगितला. आईवडिलांमागे तिला तेवढाच एक होता, आणि तो डोळ्यांदेखत विरत होता. तिला रडू येई.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "पुरे आता. आत चल."

"मान वळत नाहीये, ताई."

तो थट्टा करत नव्हता. तिने खुर्ची फिरवली, तरी त्याचा चेहरा ताऱ्याकडेच राहिला. तिने मागून दोन्ही तळवे त्याच्या डोळ्यांवर घट्ट दाबले आणि वर पाहिलं.

तारा मंद झाला.

"सुटलास रे बाबा!" ती हसली. खात्री करावी म्हणून बघत राहिली.

तारा वाढू लागला.

"ताई, एकदम बरं वाटतंय. सडकून भूक लागलीय."

तिला मान खाली घालायची होती. जमेना.

भावाने तिचे हात हळूच बाजूला केले.

"ताई, तुझी नखं अशी पांढरीफटक का पडलीत?"