भोंग्यानंतरची हाक

सगळ्यात आधी खटकलं ते बोंबलांचं. दिवसभर मे महिन्याच्या उन्हात खडखडीत वाळलेले बोंबील दक्षा अंगणातल्या बांबूंवरून काढत होती. कडेच्या ओळीला हात लावला, तर ती ओली. नुसती ओली नाही, थेंब गळत होते. आत्ताच समुद्रातून काढल्यासारखे. तिने झटकन हात मागे घेतला. बरं झालं, जिजाआत्या बघत नव्हती. नाहीतर म्हणाली असती, "बी.कॉम. झालीस आणि बोंबलाला भ्यालीस!"

तेवढ्यात भोंगा वाजला. सीमेवर लढाई पेटल्यापासून नरपड गावाला दिवे घालवायचा हुकूम दुसऱ्यांदा आला होता. रस्त्यावरून शेजारचा मुकेश ओरडत गेला, "लाईट बंद करा रे! किनाऱ्यावरचा मोठा दिवापण घालवलाय!"

दक्षाने समुद्राकडे पाहिलं. त्या मोठ्या दिव्यावर नजर ठेवूनच बाबा होडी आत आणत. खडक चुकवायला दुसरी खूण नव्हती. आणि बाबा अजून पाण्यातच होते. फोन लागत नव्हता.

जिजाआत्या काळोखातून आली. हातात पत्र्याचा रिकामा डबा.

"चल. हा वाजवायचा. तुझा बाप ऐकेल आणि त्याच्याकडचा डबा वाजवील. पण तोंडाने हाक मारू नकोस."

"का?"

"नको म्हटलं ना."

दोघी अंगणाच्या टोकाला, वाळूपाशी उभ्या राहिल्या. आत्या डबा बडवत होती. मध्येच थांबून, हळू आवाजात म्हणाली, "एकाहत्तरच्या लढाईत मुंबईला मामाच्या चाळीत म्हणायचे, भोंगा वाजला की जिवंत माणसं घरात जातात आणि बाकीची बाहेर येतात. मी हसायचे. मग गावी परत आले, तर इथलेही दिवे गेले. माझा बाप असाच होडीवर. मी पोर... रडून रडून हाका मारल्या. ओ आली."

"म्हणजे आजोबा आले?"

"आले की, सुखरूप. पण ते उशिरा. ओ आली होती ती मागून... अंगणातून."

दक्षाने मागे वळून पाहिलं. "मग ते... अंगणातलं?"

"दिवेलागणीला उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवते ना मी?"

दक्षाला आजवर वाटायचं, तो मांजरासाठी.

"आज ठेवलास?"

आत्या पुन्हा डबा बडवू लागली.

मग इंजिनाचा आवाज आला. बाबांचंच इंजिन, मध्येच खोकणारं. पण आवाज डावीकडे सरकत होता, खडकांकडे. वारा उलटा होता. डब्याचा आवाज तिथवर जातच नव्हता. दक्षाने डबा हिसकावून जिवाच्या आकांताने बडवला. इंजिन आणखी डावीकडे गेलं...

"बाबा!" तिच्या तोंडून निघूनच गेलं. "बाबा, इकडे! इकडे या, बाबा!"

आत्याने तिचं मनगट घट्ट धरलं. "काय केलंस गं..."

वारा क्षणभर पडला आणि इंजिन थांबलं. फक्त लाटा. आणि मग लांबून, पाण्यावरून, डबा वाजला. ठण्... ठण्. इंजिन पुन्हा खोकलं, वळलं आणि उजवीकडे येऊ लागलं. आत्याचा हात सैल पडला. दक्षाला हसू आणि रडू एकदमच आलं.

तेव्हा तिच्या पाठीमागे, बांबूंच्या खालून, बाबांच्या दमलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

"ओ... आलो, दक्षा."