मिटलेली मूठ

मतमोजणीला मी सुप्रभा अक्काचा एजंट म्हणून गेलो होतो. आमच्या गावच्या वॉर्डात ती उभी होती, समोर कमलाक्षी. पंचायतीची मतं अजून कागदावरच पडतात. मोजणी तंजावूरच्या एका शाळेत होती. मोबाइल फाटकावरच जमा केले.

कागद उडू नयेत म्हणून वर्गातले पंखे बंद, खिडक्याही बंद. दुपारचे दोन वाजले होते. घामाचा, लाखेचा, शिक्क्याच्या शाईचा वास दाटला होता. जाळीपलीकडे मोजणी अधिकारी जयलक्ष्मी मॅडम एकेक घडी उलगडून आम्हांला दाखवत, मग पन्नासांचा गठ्ठा बांधत. अलीकडे मी आणि कमलाक्षीचा भाचा कार्तिक.

एकशे चाळीस. एकशे चाळीस.

पुन्हा मोजलं. तेच.

"काय रे मुरली," कार्तिक हसला, "एखादं मत घरीच विसरलास काय?"

चिडवायचं म्हणून बोलला असेल. मला माझे वडील आठवले. मतदानाच्या दिवशी अप्पा सकाळीच आंघोळ करून, वेष्टी नेसून ओट्यावर बसले होते. "मला केव्हा नेतोस?"

"शेवटच्या फेरीत, अप्पा."

दिवसभर मी दुसऱ्यांचे म्हातारे ऑटोतून नेले. शेवटच्या फेरीला आलो, तर अप्पा तसेच बसलेले. खांबाला टेकून. गार.

"आता नियमाप्रमाणे चिठ्ठी," मॅडम म्हणाल्या. दोन चिठ्ठ्यांवर नावं लिहून, सारख्या घड्या घालून त्या रिकाम्या मतपेटीत टाकल्या. जिचं नाव निघेल तिला एक मत जास्त. "या, काढा कुणीतरी."

मला पुढे व्हायला जमलं नाही. कार्तिकनं बाही सारून हात घातला, आणि तो तिथंच थांबला.

"आत... कोण आहे?"

"नाटक पुरे हो. काढा."

त्यानं हात ओढून काढला. मूठ घट्ट मिटलेली.

"उघडत नाही, मॅडम... कुणीतरी धरलंय..."

शिपाई हसत आला. मग त्यानं पोलिसाला हाक मारली. दोघांनी मिळून बोटं ओढली. एकही हललं नाही. मॅडमनी पेटीत उरलेली चिठ्ठी उघडली. सुप्रभा.

म्हणजे मुठीत कमलाक्षी होती. कोण सोडत नाही, ते मला तेव्हा कळलं.

"पुन्हा चिठ्ठ्या टाकू," मॅडम हळूच म्हणाल्या. मी गप्प राहिलो असतो तर अक्काला आणखी एक संधी होती. चार महिने ती उन्हात दारोदार हिंडली होती. पण कार्तिकची नखं निळी पडत चालली होती, आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

मी जाळीला वळसा घालून गेलो. त्याच्या मनगटाशी वाकलो. खोलीत एवढा उकाडा, पण तिथं गार होतं.

"अप्पा," मी म्हणालो, "सोडा त्याला. चूक माझी होती."

बोटं एकेक करून उघडली. करंगळी सगळ्यांत शेवटी.

कमलाक्षी जिंकली.

गावी परतताना तिरुवैयारुच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसली. रडली नाही. "असू दे रे," म्हणाली. "तिकीट काढ."

मला खिशात हात घालता येईना. उजवी मूठ मिटलेली होती.

आज तीन आठवडे झाले. हे मी डाव्या हातानं लिहितोय.