बिराप्पाच्या घोंगडीवरची ओल

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर रहिमतपुरात जाऊन अर्जुनाला विचारा. सांगणार नाही तो. पण घोंगडीचं नाव काढलं की मान खाली घालेल...

तेवढं पुरे.

अर्जुना आधी फौजेत. मग परदेशातल्या आपल्या वकिलातीच्या फाटकावर पहारेकरी. निवृत्त होऊन साप्ताहिक काढलं आणि संपादक झाला. गाव चेष्टेनं 'राजदूत' म्हणायचं. त्याला ते आवडायचं.

मागच्या चैत्रात तो जतकडं गेला. त्याचा फौजेतला जोडीदार बिराप्पा बर्फात गेलेला. त्याची आई धोंडुबाई तिथं एकटीच. सोबत नेलेल्या ताज्या अंकात अर्जुनानं छापलं होतं, वादळात बिराप्पाला पाठीवर घेऊन मी चाललो.

खरं उलटं होतं.

पाठीवर अर्जुना होता. चौकी दिसताच बिराप्पा कोसळला. अर्जुना एकटाच रांगत आत गेला. बाहेर कोण राहिलंय, हे त्यानं फार उशिरा सांगितलं.

दिवेलागण झाली होती. कोरडा, तापलेला वारा. गावात टँकर फिरकला नव्हता. धोंडुबाईनं घोंगडी अंथरली.

"बसा सायेब. माज्या बिरूची हाय."

मग तिनं त्याच्या तळहातावर बिरोबाचा भंडारा ठेवला.

"आता वाचा. मला कुठं येतंय वाचाया? भंडारा हातात असला की मानूस खोटं बोलत न्हाई."

हात मागं घ्यायचा होता. अर्जुनानं मूठ मिटली.

पहिली ओळ वाचली... वाघरीच्या जाळीतली मेंढरं गप्प झाली.

दुसरी ओळ... उंबऱ्यातलं कुत्रं उठून निघून गेलं.

"मी त्याला पाठीवर घेतलं..."

शेजारी घोंगडी दबली.

कुणीतरी बसलं होतं. धापा टाकत. लांबून ओझं वाहून आल्यासारखं...

अर्जुनानं मान वळवली नाही.

"थांबला का वो? म्होरं?"

खरं ओठाशी आलं होतं. एक वाक्य फक्त.

त्यानं छापलेलंच वाचलं.

धाप थांबली.

धोंडुबाईनं घोंगडीवरून हात फिरवला. मध्येच हात थबकला. तिथं ओल होती. बर्फाच्या पाण्यासारखी गार. ती किंचाळली नाही. पाळण्यातलं लेकरू थोपटावं तशी ती ओल थोपटत गुणगुणली,

"दूर गं डोंगरात, कुनी दिली ऊब त्याला,
माज्या गं बाळाची, घोंगडी घरी ऱ्हायली..."

मग हळूच म्हणाली, "लय दमलाय वो. तुमी जड हुता व्हय?"

अर्जुना उठला. चालू लागला.

आजही साप्ताहिक निघतं. दर आठवड्याला तो खरी हकीकत लिहितो, आणि छापायच्या आधी फाडतो. मुठीतली पिवळी खूण धुऊन जात नाही.

संध्याकाळी फिरायला निघाला की धाप ऐकू येते.

मागून नाही...

त्याच्या खालून. अजून त्याला कुणीतरी वाहून नेत असल्यासारखी.